सब्र म्हणजे धीर

भीती कोणाला वाटत नाही? रात्री शेतावर जागलीला माणूस एकटा बसला की पान हलले तरी काळजात धस्स होते. पोर तापाने फणफणले की आईच्या जिवाला घोर लागतो. आणि घरातले माणूसच गेले तर? मग घर खायला उठते. शेजारीपाजारी येतात. म्हणतात, "धीर धरा." म्हणायला सोपे आहे. पण धीर धरायचा म्हणजे नेमके काय करायचे? रडायचे नाही? की नशीब म्हणून हात जोडून बसायचे?

आपल्या गावातल्या मुसलमान बांधवांच्या तोंडी एक शब्द नेहमी येतो. तो शब्द म्हणजे सब्र. जोडाक्षर आहे, सावकाश वाचा. स-ब्र. हा अरबी शब्द. सब्र म्हणजे धीर, सोसण्याचे बळ. इस्लाम धर्मात सब्राला फार मान आहे. सब्र कसा असतो हे समजायला महंमद पैगंबरांचे चरित्र पाहावे लागते. पैगंबर म्हणजे देवाचा निरोप आणणारा.

महंमद पैगंबरांचा जन्म सुमारे इ. स. ५७० साली अरबस्तानातल्या मक्का शहरात झाला. वडील जन्माआधीच वारले होते. सहाव्या वर्षी आई गेली. आठव्या वर्षी आजोबा गेले. पुढे चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढविले. पोरकेपण म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होते.

मक्केजवळच्या डोंगरात हिरा नावाची गुहा आहे. तेथे ते एकांतात बसत. इ. स. ६१० साली तेथे त्यांना देवाचा पहिला संदेश आला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. संदेश आला तेव्हा काय झाले? ते थरथर कापत घरी आले. मला पांघरूण घाला, असे पत्नीला म्हणाले. जिवाची भीती वाटते, असेही म्हणाले. पत्नीचे नाव खदीजा. बाई मोठी धीराची. स्वतःचा व्यापार सांभाळणारी. तिने पांघरूण घातले आणि त्यांना समजावले. तुम्ही नातलगांना धरून राहता, दुबळ्याचा भार उचलता, आल्यागेल्याला जेवू घालता. देव तुमची फजिती होऊ देणार नाही, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. घाबरलात म्हणजे तुमची श्रद्धा कच्ची, असे काही ती म्हणाली नाही. हे आमच्या ध्यानात राहिले आहे.

पुढे इ. स. ६१९ साली ही खदीजा वारली. पंचवीस वर्षांचा संसार. त्याच साली चुलते अबू तालिबही गेले. घरचा आधार गेला, बाहेरचाही गेला. मुसलमान लोक त्या सालाला दुःखाचे वर्ष म्हणतात. दुःख झाकून ठेवले नाही, सालाला त्याचे नाव दिले. मग पैगंबर मदतीच्या आशेने ताइफ गावी गेले, तर तेथल्या लोकांनी धोंडे मारून त्यांचे पाय रक्ताने भरविले.

मक्केतल्या लोकांनी शेवटी त्यांना ठार मारायचे ठरविले. तेव्हा इ. स. ६२२ साली ते मक्का सोडून मदिनेला निघाले. बरोबर मित्र अबूबकर होते. आता नीट लक्ष द्या. मदिना मक्केच्या उत्तरेला आहे. पण हे दोघे आधी दक्षिणेला गेले. तेथे सौर नावाच्या डोंगराच्या गुहेत तीन रात्री लपून राहिले. अबूबकर यांचा मुलगा दिवसभर मक्केत कानोसा घेई आणि रात्री येऊन बातमी सांगे. त्यांची मुलगी अस्मा हिने शिदोरी बांधून दिली. आमिर नावाचा गुराखी मेंढरे तिकडे आणी. दूध मिळे, आणि मेंढरांच्या खुरांनी पावलांच्या खुणा पुसून जात. वाटाड्याही पैसे देऊन ठरविला होता. तो मुसलमान नव्हता, पण वाटेचा पक्का माहीतगार होता.

शोधणारे गुहेच्या तोंडापर्यंत आले. अबूबकर यांचा जीव खालीवर झाला. यांनी नुसते आपल्या पायांकडे पाहिले तरी आपण दिसू, असे ते हळूच म्हणाले. पैगंबरांनी त्यांना धीर दिला. आपण दोघेच नाही, आपल्याबरोबर देव आहे, दुःख करू नका, असे समजावले. हा प्रसंग कुराणातही आला आहे.

आम्ही शाळेत हा प्रसंग सांगत असू. मुले विचारीत, "गुरुजी, देवावर एवढा भरवसा होता, तर उलट्या वाटेने कशाला गेले?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या एका गोष्टीत मिळते. एकाने पैगंबरांना विचारले, उंट बांधून देवावर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून ठेवू? आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर मिळाले. पोर आजारी पडले तर दुआ करावी, म्हणजे देवाची प्रार्थना करावी. आणि त्याच पावली पोराला दवाखान्यात न्यावे. प्रार्थना केली म्हणून दवाखाना नको, असे म्हणणाऱ्याने उंट मोकळा सोडला असे समजा.

आता दुःखाचे पाहू. इ. स. ६२९ साली मूता येथे लढाई झाली. मूता हल्लीच्या जॉर्डन देशात आहे. तेथे पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर पडले. पैगंबर स्वतः जाफर यांच्या घरी गेले. जाफरची बायको कणीक मळून, मुलांना न्हाऊ-माखू घालून बसली होती. तिला काहीच ठाऊक नव्हते. पैगंबरांनी मुलांना जवळ घेतले. त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा बाईने ओळखले. ती आक्रोश करू लागली. पैगंबर घरी परतले आणि आपल्या माणसांना म्हणाले, जाफरच्या घरी जेवण करून पाठवा, त्यांना आज स्वयंपाकाचे भान राहणार नाही.

आपल्याकडेही ज्या घरी मयत होते तिथे चूल पेटत नाही, शेजारी भाकरी-पिठले नेऊन देतात. हिंदू असो, मुसलमान असो, ही रीत चांगली आहे. पण पुढे काय होते? चाळिसावा येतो, कुठे तेरावा येतो, आणि त्याच दुःखी घराला कर्ज काढून गावजेवण घालावे लागते. जाफरच्या घरी जेवण गावाकडून आले होते. आपण ताट उलट्या दिशेने फिरवतो. विधवा बाईने सावकाराचा अंगठा कशासाठी द्यावा? सोयरे रागावतील म्हणून? रागावू द्यावेत.

पैगंबरांना उतारवयात एक मुलगा झाला होता. त्याचे नाव इब्राहीम. आधीचे मुलगे लहानपणीच गेले होते. मुलींपैकी एक फातिमाच त्यांच्यामागे राहिली. हा इब्राहीम दीड वर्षाच्या आसपास असताना आजारी पडला. पोर शेवटच्या घटका मोजत होते. पैगंबरांनी त्याला जवळ घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. एका सोबत्याला नवल वाटले. तुम्हीसुद्धा रडता? असे त्याने विचारले. ही दया आहे, असे ते म्हणाले. डोळे रडतात, मन दुखते, पण देवाला न आवडणारे बोल तोंडातून काढायचे नाहीत, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. गालांवर मारून घेणे, कपडे फाडणे, हे त्यांनी मना केले होते. रडणे मना केले नव्हते.

त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. गणित करणारे सांगतात की ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे असावे. लोक बोलू लागले की पैगंबरांचा मुलगा गेला म्हणून सूर्यही काळवंडला. दुसरा कोणी असता तर गप्प राहिला असता. शोकात असे बोलणे गोड लागते. पण पैगंबरांनी लोकांना सांगितले की सूर्यचंद्राला ग्रहण लागते ते कोणाच्या मरणाने नाही आणि कोणाच्या जन्मानेही नाही. पोटचा गोळा नुकताच गेलेला बाप हे सांगत होता. आपल्याकडे अजून कुठे कुठे गरोदर बाईला ग्रहणात कोंडून ठेवतात. नवी सून आली आणि घरात कोणी वारले, की तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. दुःख घराचे, आणि शिक्षा त्या पोरीला.

त्याच वर्षी जूनमध्ये पैगंबर मदिनेत वारले. सारे शहर बावरून गेले. उमर हे मोठे शूर आणि ताकदवान. त्यांनाही ते खरे वाटेना. पैगंबर गेले असे कोणी म्हणू नका, असे ते मशिदीत ओरडून सांगत होते. तेवढ्यात अबूबकर आले. हेच ते, गुहेत घाबरलेले अबूबकर. ते आत गेले. पैगंबरांच्या तोंडावरचे वस्त्र बाजूला करून त्यांनी त्यांचे चुंबन घेतले. ते रडले. मग बाहेर लोकांपुढे आले. महंमदांची पूजा करणाऱ्यांनी जाणावे की महंमद वारले, आणि देवाची पूजा करणाऱ्यांनी जाणावे की देव जिवंत आहे, अशा अर्थाचे ते बोलले आणि त्यांनी कुराणातला एक भाग म्हणून दाखविला. ते ऐकून उमर यांच्या पायांतले बळ गेले आणि ते जमिनीवर बसले. मग सगळे लोक रडू लागले.