गणिताची गोडी कशी लावावी?

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. गणित-विज्ञानासाठी महागडी खेळणी घ्यावीत का?
– एक आई, जांबे (ता. मुळशी)

उत्तर : मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा खडे, शिंपले, पानं, बिया हीच शिकण्याची साधनं होती. तुम्ही कांदे-बटाटे वेगळे करायला द्या, पोळ्या मोजत वाढा, डबे लहान-मोठे लावायला सांगा. पाण्यात रिकामी वाटी तरंगते, चमचा बुडतो. आधी तिला अंदाज बांधू द्या. बिया, कडधान्यं घशात अडकू शकतात, ती इतक्यात देऊ नका. पाण्याजवळ तिला एकटं सोडू नका. आकडे घोकून घेण्याची घाई नको. तिच्या प्रत्येक ‘का?’ला वेळ द्या.