बाळाची उचकी : घाबरू नका, पाणी पाजू नका

तान्ह्या बाळाला उचकी लागली की घरात एकच धावपळ उडते. कोणी चमच्याने पाणी पाजते, कोणी मध चाटवते, कोणी कपाळावर ओला दोरा चिकटवते. ‘मामाने आठवण काढली असेल,’ म्हणून आजी हसते. आजीचे हसणे निरुपद्रवी आहे. दोऱ्याने उचकी थांबत नाही. पाणी व मध मात्र अपाय करू शकतात.

उचकी लागते कशी? छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा स्नायूंचा पडदा असतो. तो एकाएकी आकुंचन पावला की हवा झपाट्याने आत ओढली जाते. त्याच क्षणी स्वरयंत्राची फट मिटते आणि उचकीचा आवाज होतो. आईच्या पोटातही बाळ उचक्या देते. गर्भवतीला ते लयबद्ध धक्के जाणवतात.

घाईने दूध पिताना बाळ हवाही गिळते. पोट फुगते आणि उचकी लागते. अशा वेळी पाजणे क्षणभर थांबवावे. बाळाला खांद्यावर उभे धरून पाठीवर हलकेच थोपटावे व ढेकर काढावी. बहुधा काही मिनिटांत उचकी आपोआप थांबते.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. पाण्याने इवलेसे पोट भरते, दूध कमी जाते. पाणी अशुद्ध असल्यास जुलाब होतात. मधात एखाद्या वेळी बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू असतात. बाळाच्या आतड्यात ते वाढले तर त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वासही अडखळतो. म्हणून एक वर्षापर्यंत मधाचे बोटसुद्धा चाटवू नये. ग्राइप वॉटरचीही गरज नाही.

मोठ्या मुलांना भराभर जेवल्याने, शीतपेयाने किंवा खूप हसल्याने उचकी लागते. त्यांना घोटघोट पाणी द्यावे. दचकवणे, जीभ ओढणे, डोळे दाबणे हे प्रकार करू नयेत.

उचकी दोन दिवसांहून अधिक टिकली, वारंवार लागून दूध किंवा झोप मोडू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. हिरवी उलटी, धाप, ताप किंवा सुस्ती असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर तासभरही थांबू नये. एरवी उचकी आली तशी जाते. आईने शांत राहणे हाच खरा उपाय.