राखेतलं पोटॅश आणि चिनी माती

खोपोली, सावरोली, ढेकू हा खालापूरचा बॉयलरांचा पट्टा, आणि शेजारीच भाताचा कर्जत तालुका. त्यामुळे इथल्या भट्ट्यांत कोळशाबरोबर तूस, पेंढा, ब्रिकेट येणारच. या भट्ट्यांच्या कामात जे पदरी पडलं, ते मांडतो.

1. इंधनाचा दर विचारण्याआधी त्याच्या राखेचा अहवाल मागा. आपल्या देशी कोळशात 30 ते 45 टक्के राख असते, पण ती बहुतांशी सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाची. एकटी ती क्वचितच चिकटते. तुसाच्या राखेतही मुख्यतः सिलिकाच. पेंढ्याची गोष्ट वेगळी. त्यात पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही भरपूर. एकाच रोपाचे हे दोन भाग, पण भट्टीत त्यांचं वागणं एक नाही.

2. पोटॅशियम क्लोराइड 770 अंशांना वितळतं आणि भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होते. ही वाफ तुलनेनं थंड ट्यूबवर बसते. तिच्या चिकट थरावर उडती राख अडकते, बॉयलरच्या वाफेचं उत्पादन घटतं आणि थराखाली लोखंड गंजत जातं. जे ट्यूबवर बसत नाही, त्याचे एक मायक्रॉनहून बारीक कण होतात. सायक्लोन ते पकडू शकत नाही. चिमणीखालच्या वस्तीत माणसं राहतात, त्यांच्या छातीत ते जातात. मला ट्यूबपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

3. सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो: हे पोटॅशियम धरायला खनिज टाकायचं म्हणून कुठलंही खनिज टाकलं जातं. चुनखडी गंधक धरते, पोटॅशियम धरत नाही. नुसती वाळू तर उलटी पडते. पोटॅशियम आणि सिलिका मिळून कमी तापमानाला वितळणारी काच तयार होते आणि भट्टीच्या तळाच्या थरात, म्हणजे बेडमध्ये, गोळे धरतात. हवं असतं चिनी मातीतलं अ‍ॅल्युमिना. चिनी माती साधारण 500-600 अंशांना आपलं पाणी सोडते आणि मग पोटॅशियमची वाफ स्वतःत बांधून घेते. त्यातून जे पोटॅशियम-अ‍ॅल्युमिनोसिलिकेट बनतं, ते भट्टीच्या तापमानाला वितळत नाही. राखेबरोबर खाली येतं किंवा फिल्टरमध्ये अडकतं. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. शुद्ध मातीत अ‍ॅल्युमिना 39 टक्क्यांच्या वर असतं. घेताना तेवढं तपासा. वाळूमिश्रित माल स्वस्त मिळतो आणि त्रास वाढवतो.

4. हिशोब कागदावर करा. एक किलो पोटॅशियम बांधायला शुद्ध चिनी माती 3.3 किलो लागते. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण प्रत्येक कणाला वाफ भेटत नाही. माती बारीक आणि कोरडी हवी, आणि भट्टीच्या गरम भागात पडायला हवी. ती चिमणीच्या बाजूला टाकून काही साधत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी गोणी चार दिवसांत ढेकूळ होते. गोदामाची सोय आधी, खरेदी नंतर.

5. पोटॅशियम बांधलं की क्लोरीन मोकळं होतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू म्हणून धुरात जातं. त्यासाठी बॅग फिल्टरच्या आधी चुन्याची भुकटी सोडावी लागते. हा खर्च सुरुवातीपासून धरावा.

6. राख जास्त म्हणून ज्या कोळशाला आपण नावं ठेवतो, त्याची राख पोटॅशियम धरायला उपयोगी पडते. कोपनहेगनजवळच्या आवेदोरे वीजकेंद्रात लाकडाच्या गोळ्या जाळताना मुद्दाम कोळशाची उडती राख मिसळतात, ती याच कामासाठी. देशी कोळशाबरोबर पेंढा बेतानं जाळला, तर चिनी माती कमी लागते. आयात केलेल्या कमी राखेच्या कोळशावर हा भरवसा ठेवता येत नाही.

7. परतीच्या पावसात शेतात भिजलेला पेंढा गुरांना घालवत नाही, म्हणून कर्जतचा शेतकरी तो मातीमोल देतो. पण पावसानं त्यातलं पोटॅशियम आणि क्लोरीन बरंचसं धुऊन नेलेलं असतं, आणि ते त्याच्याच खाचरात राहतं. नीट वाळवला तर बॉयलरसाठी हाच पेंढा अधिक चांगला. ब्रिकेटवाल्यांनी तो कमी भावात मागू नये. चांगल्या पेंढ्याइतके पैसे द्यावेत.