अंगणातली दुरुस्ती आणि घाटातली परीक्षा

मोटारीची दुरुस्ती आपल्या हातांनी करावी की मेकॅनिकच्या स्वाधीन करावी, याचा निर्णय बहुतेक लोक मजुरीच्या हिशेबाने करतात, काही थोडे आपल्या कसबाच्या भरवशावर करतात. परंतु हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत, अशी माझी खातरजमा पसरणीच्या घाटात, मेहुण्यांच्या शेजारच्या आसनावर बसलो असता झाली.

मेहुणे हाताचे मोठे कसबी. पाचगणीस निघण्यापूर्वी त्यांनी अंगणातच ब्रेकचे पॅड बदलले, जुने ब्रेक ऑइल काढून टाकले, गतवर्षी उरलेल्या, झाकण सैल राहिलेल्या डब्यातले ऑइल भरले आणि मुलाला पेडल दाबावयास बसवून नळीतली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत काढली. कारागिरीत तिळमात्र कसूर नव्हती. पेडल घट्ट लागत होते, आणि चढणीवर तक्रारीस जागा उरली नाही. परतताना मात्र, वाईकडे उतरत असता, निम्म्या घाटात पेडल मऊ पडले आणि पुढचे वळण येण्यापूर्वीच तळाला टेकले. मेहुण्यांनी प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली, हँडब्रेक बेताबेताने ओढला आणि डोंगराच्या कडेला ती कशीबशी उभी केली. पुढच्या चाकांतून करपट वास येत होता. खरे नवल त्यापुढचे. अर्ध्या तासाने चाके निवली, तेव्हा तेच पेडल पूर्ववत घट्ट लागू लागले, आणि गाडीत काही दोष असल्याची खूणसुद्धा राहिली नाही.

पहिल्या गिअरमध्ये जपून उतरून आम्ही वाई गाठली, तेथे एका मेकॅनिकने उलगडा केला. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात चार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्याने तापलेले ऑइल उकळते, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जात असल्याने पायाचा सारा जोर वाफ दाबण्यातच खर्ची पडतो. ती निवली की दोष पुन्हा दडून बसतो.

म्हणून माझे सांगणे असे, की काम आपल्याला जमेल काय, एवढेच न विचारता, ते बिघडले तर कोठे कळेल, हे आधी विचारावे. एअर फिल्टर, वायपर, फ्यूज, बॅटरी यांतली चूक बहुधा दारातच कळते, आणि तिची शिक्षा फार तर मनस्तापाची असते. ही कामे अवश्य स्वतः करावीत. मात्र बॅटरीची ऋण तार आधी सोडावी व शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज उघडू नये. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांची परीक्षा अंगणात होत नाही. ती कामे जाणत्या मेकॅनिकचीच.

मात्र गाडी गॅरेजात सोडली म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असेही नव्हे. मेकॅनिकला आपले निदान सांगू नये, लक्षणे सांगावीत: आवाज कधी येतो, किती वेगाला येतो, गाडी थंड असता येतो की तापल्यावर. सुटे भाग व मजुरी यांचा खर्च निरनिराळा लिहून घ्यावा, त्याबाहेरच्या कामास आपल्या संमतीवाचून हात लावू नये अशी ताकीद द्यावी, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. ब्रेक ऑइल भरावयाचे असेल तर डब्याचे सील आपल्यासमोर फोडावयास सांगावे. एवढी चौकशी केली म्हणून चांगला कारागीर रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या हाती किल्ली न देता गाडी दुसरीकडे न्यावी.