ऑपरेशननंतर नर्सचे वेगळे निदान कशासाठी?

प्रश्न : बारामतीत आईचे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झाले. नर्सने फाइलमध्ये ‘तीव्र वेदना’, ‘जंतुसंसर्गाचा धोका’ अशी निदाने लिहिली होती. आजार तर काढून टाकला, मग हे काय?
– एक वाचक, सुपे

उत्तर : डॉक्टरांचे निदान आजाराला नाव देते. त्या आजाराने किंवा शस्त्रक्रियेने माणसाची काय अवस्था झाली आहे, हे नर्सचे निदान सांगते. अशा निदानांची सर्वांना समजेल अशी एक भाषा ठरवण्याचे काम १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईस इथल्या परिषदेपासून सुरू झाले. आपल्याकडेही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ती शिकवतात.

‘तीव्र वेदना’ ही नोंद वरवरची नाही. पोट दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही; मग कफ साचतो आणि न्यूमोनियाही होऊ शकतो. म्हणून नर्स शून्य ते दहा या मोजपट्टीवर दुखणे विचारते, औषधानंतर पुन्हा विचारते, पोटाशी उशी घट्ट धरून खोकायला लावते. आपल्या बायका विचारले की ‘बरंय’ म्हणून मोकळ्या होतात. तेव्हा कूस वळताना मुठी आवळतात का, हे पाहावे लागते. चांगली नर्स इथेच ओळखू येते.

झोपून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी परवानगी देताच आईंना आधार देऊन चालवावे.

मोरगावमार्गे सुप्याला घरी आल्यावर ही नजर घरच्यांनी ठेवायची आहे. ताप, टाक्यांतून पू, जास्त रक्तस्राव, एका पोटरीला सूज किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.