ठिबकचा व्हॉल्व्ह उघडत नाही? कंट्रोलर बदलण्याआधी हे तपासा



ऊन वाढलं की ऑटोमेशनच्या तक्रारीही वाढतात. "एका प्लॉटला पाणीच जात नाही, कंट्रोलर गेला वाटतं." बहुतेक वेळा कंट्रोलर गेलेला नसतो. बिघाड असतो तारेच्या जॉइंटमध्ये, कॉइलमध्ये किंवा प्रोग्राममध्ये. म्हणून हजारो रुपये खर्च करण्याआधी अर्धा तास द्या. सोबत साधा मल्टिमीटर असू द्या.

पहिलं काम: मोटर चालू ठेवून तो व्हॉल्व्ह हाताने उघडा. कॉइल पाव फेरा सैल करा, किंवा वर स्क्रू अथवा खटका असेल तर तो फिरवा. पाणी आलं तर फिल्टर, प्रेशर, डायफ्राम ठीक आहेत, दोष विजेच्या बाजूला आहे. पाणी आलंच नाही तर तारांना हात लावू नका. आधी फिल्टर धुवा, सबमेनचा बॉल व्हॉल्व्ह कुणी बंद केलाय का ते बघा. बघून झालं की कॉइल परत हातानेच आवळा, पक्कड लावू नका. प्लॅस्टिकचे आटे लगेच जातात.

आता बघा, एकच व्हॉल्व्ह बंद आहे की सगळे? सगळेच बंद असतील तर ट्रान्सफॉर्मर, फ्यूज किंवा कॉमन तार. शेडपासून पहिले दोन चालतात आणि पुढचे सगळे बंद, असं असेल तर त्या दोनच्या पुढे कॉमन तार तुटली आहे. उंदीर, खुरपं, रोटर, कारण काहीही असो, जागा तीच. आणि एकच व्हॉल्व्ह बंद असेल तर पुढची अदलाबदल करा.

कंट्रोलरची लाईट बंद करा. तारांचा मोबाईलवर फोटो काढा (हे विसरू नका, नंतर रंग जुळत नाहीत). बंद व्हॉल्व्हची तार काढून चालू असलेल्या स्टेशनच्या जागी लावा आणि ते स्टेशन सुरू करा. व्हॉल्व्ह उघडला तर कंट्रोलरचं ते टर्मिनल किंवा त्या स्टेशनचा प्रोग्राम खराब. तरीही उघडला नाही तर कंट्रोलर निर्दोष, दोष तारेत नाहीतर कॉइलमध्ये.

ते ठरवायला पुन्हा लाईट बंद करून ती तार टर्मिनलमधून मोकळी करा. मीटर २०० ओहमवर ठेवून ती तार आणि कॉमन यांच्यामध्ये मोजा. २४ व्होल्ट एसी कॉइल साधारण २० ते ६० ओहम दाखवते, तार लांब असेल तर थोडं जास्त. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली किंवा कॉइल जळली. चार-पाच ओहमच्या खाली आलं तर शॉर्ट आहे, वारंवार फ्यूज उडण्याचं कारण हेच. मग शेतात जा, व्हॉल्व्हजवळचे जॉइंट सोडवून नुसती कॉइल मोजा. कॉइल बरोबर आली तर तार शोधा, चुकीची आली तर फक्त कॉइल बदला, अख्खा व्हॉल्व्ह नको.

सेलवर चालणाऱ्या कंट्रोलरची कॉइल डीसी लॅचिंग असते. वरचे आकडे तिला लागू नाहीत. तिला २४ व्होल्ट एसी कधीच देऊ नका, आणि लाल-काळी तार उलटी झाली तर ती नीट चालत नाही.

जॉइंटबद्दल एक स्पष्ट सांगतो: मातीत नुसत्या टेपवर भरवसा नको. पहिल्या पावसात तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही कंट्रोलरला दोष देता. जेल भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर वापरा, जॉइंट व्हॉल्व्हच्या पेटीतच ठेवा.

काही वेळा काहीच बिघडलेलं नसतं. थ्री फेजची वेळ दिवसाची रात्रीवर गेली, प्रोग्राम मात्र सकाळी सहाचाच राहिला. व्हॉल्व्ह उघडतो, मोटरला लाईट नाही! लाईट गेल्यावर घड्याळ मागे पडत असेल तर आतला छोटा सेल बदला. एएम-पीएम बघा. जुनी दुसरी स्टार्ट वेळ राहिली असेल तर तोच प्लॉट दोनदा भिजतो.

व्हॉल्व्ह बंदच होत नसेल तर त्याची तार काढा. तरी पाणी चालू असेल तर विजेचा संबंध नाही, डायफ्रामखाली खडा किंवा शेवाळ अडकलं आहे. मोटर बंद करून प्रेशर सोडा, झाकण उघडा, डायफ्राम आणि बारीक छिद्र धुवा. फाटला असेल तर बदला. हे लगेच करा, कारण असा व्हॉल्व्ह असताना फर्टिगेशन सुरू केलं तर एका प्लॉटचं खत दुसऱ्यात जातं. तोवर खत सोडू नका. फिल्टरची जाळीही बघा, खडा तिथूनच आला असणार.

दोन गोष्टी जपा. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना मोटर चालू करू नका, पाइप फुटेल. म्हणून तपासणी करताना एक व्हॉल्व्ह हाताने उघडा ठेवा. आणि स्टार्टर किंवा ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू वायरमनशिवाय उघडू नका.

दुरुस्ती होईपर्यंत व्हॉल्व्ह हाताने फिरवून पाणी द्या, फळं धरलेल्या प्लॉटला आधी. कॉइल घ्यायला केंद्रावर येताना जुनी कॉइल, मीटरवर आलेला आकडा आणि तारांचा फोटो सोबत आणा.

– तांत्रिक विभाग