तिफण मोडीत घालण्याआधी

लेकरांनो, गोठ्यात पडलेली पेरणीची तिफण भंगारवाल्याला देण्याआधी माझं जरा ऐका. भंगारवाला लोखंडाचे पैसे देतो, बाभळीचं लाकूड तुमच्याच चुलीत जातं.

आपल्या हिंगोलीकडे तिफणीसारखी अवजारं एका दिवसात अडगळीत गेली नाहीत. ज्वारी होती तोवर कडबा होता, कडबा होता तोवर दावणीला बैल होते. सोयाबीन आलं आणि वैरणच आटली. बैल गेले, मग ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं. त्याला मी नावं ठेवत नाही, नव्याला लोक बिचकतातच. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंड जमिनीत विष कालवतं म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढं तोच नांगर घरोघरी गेला. पण जुनं जाताना त्याची विद्या तरी घरात राहू द्या.

आधी तिफण जमिनीवरून उचला, दगडावर ठेवा. वाळवी खालूनच चढते. ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका. रंग तर मुळीच फासू नका, त्याखाली लाकडाची चीर दिसत नाही. उन्हाळ्यात दोनदा जवसाचं तेल चोळा. फणांचा गंज रॉकेलनं सोडवा आणि वरून जुनं इंजिन ऑइल लावा.

बी खाली नेणारे नळे मात्र रिकामे आहेत असं धरून चालू नका. पोकळ बांबूत कुंभारीण माशी मातीचं घर करते. चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाटीत, ज्वारीचे दाणे सोडा आणि तिन्ही फणांमागं पडतात का बघा. जो नळा मुका, त्यात काडी घाला. ते करताना चाड्याच्या काठावरून बोट फिरवा. पेरणाऱ्या बाईची मूठ जिथं टेकायची, तिथं लाकूड गुळगुळीत झालेलं लागेल. त्या मुठीवर वर्षाचं पीक असायचं. दाणे दाट पडले तर रोपं एकमेकांना खातात, विरळ पडले तर तण माजतं. तिफणीमागं बांधलेल्या नळीतून, म्हणजे सरत्यातून, तूर पेरणारी बाई वेगळी. गावात अशी मूठ धरलेली म्हातारी असेल तर या पावसाळ्याआधी तिच्याकडून ती शिकून घ्या. मोबाईलवर चित्रण करा, पण आधी स्वतःच्या हातानं दाणे सोडून बघा.

बैलगाडीचं चाक खुळखुळायला लागलं की खिळे ठोकू नका. चैत्र-वैशाखात लाकूड आकसतं आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडते. चाक पाण्यात मुरत ठेवा, लाकूड फुगून धाव आवळून धरतं. तरीही सैल राहिली तर लोहाराकडं न्या. तो धाव तापवून चढवतो आणि वरून पाणी ओततो.

वसमतकडं कुणाकडं हळद शिजवायची जुनी कढई असेल, तर तीही विकू नका. आता बॉयलर आहेत, वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ती हळद आधी कशात शिजायची, हे पोरांना दिसू द्या.

आणि अवजारांच्या भागांची नावं लिहून ठेवा: रुमणं, जानोळं, पास, शिवळ, चाडं. सुतार-लोहार आहेत तोवर विचारा.

हिंगोलीला दसऱ्याचं प्रदर्शन भरतं. तिथं नव्या यंत्रांशेजारी एक चालती तिफण, तिच्या नावांची पाटी आणि चाड्यावर मूठ धरून दाखवणारी एक बाई उभी राहावी, एवढं यंदा तुम्ही जमवा.